मागचं ताट, पुढचं ताट

माझ्यासमोर बसलेली माणसं दोन प्रश्न विचारतात. आजार ज्याला झाला आहे तो विचारतो, "मॅडम, मी काय खाल्लं म्हणून हे झालं?" त्याच्यासोबत आलेली बायको, बहीण किंवा मुलगा विचारतो, "आता आम्ही काय खायचं?" वरवर पाहता दोन्ही प्रश्न ताटाबद्दलचेच आहेत, पण त्यांची उत्तरं सारखी नाहीत. पहिल्याचं उत्तर कुठल्याही डॉक्टरकडे, कुठल्याही शास्त्राकडे नाही. दुसऱ्याचं आहे, आणि ते बऱ्यापैकी भरवशाचं आहे. पनवेलमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना माझी निम्मी शक्ती या दोन प्रश्नांची गाठ सोडवण्यातच जाते.

पनवेलमध्ये हे प्रश्न जास्त येतात त्याला कारण आहे. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे ही सगळी वस्ती तिच्या हद्दीत आली. टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन आणि उपचाराचं मोठं केंद्र, ज्याला सगळे ॲक्ट्रेक म्हणतात, ते खारघरलाच आहे. त्याची मुळं परळमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आहेत. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. मुंबईत तोंडाचा कॅन्सर इतका का होतो, माणसाच्या सवयींचा, राहणीचा आणि आजाराचा काय संबंध, हे त्यांनी १९४०च्या दशकातच मांडायला सुरुवात केली होती. आज त्या केंद्रात उपचारासाठी देशभरातून माणसं येतात, आसपास खोल्या घेऊन राहतात. केमो चालू असते, कुणाचं "लाईट" म्हणजे रेडिएशन चालू असतं, कुणाच्या रक्तातल्या पेशी कमी झालेल्या असतात. त्यांच्यातली काही, आणि पनवेलच्या गावठाणांतली, सोसायट्यांतली कितीतरी माणसं माझ्याकडे येतात.

अलीकडे त्यांच्या तोंडी एक नवी भर पडली आहे. मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की अमुक पदार्थाने शरीरात दाह होतो आणि दाहातून कॅन्सर होतो. मग अंडं बंद, दूध बंद, साखर बंद, मटण बंद. काही जण दाह म्हणजे उष्णता असं समजून पपई, शेंगदाणे, गूळ असं सगळं "गरम पडतं" म्हणून काढून टाकतात. त्यामुळे मला पहिल्यापासून सांगावं लागतं.

दाह हा मुळात आजार नाही, ते शरीराचं एक आवश्यक काम आहे. भात कापताना विळा बोटाला लागला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतू मारतात, मेलेली पेशी उचलतात, नवी पेशी वाढावी म्हणून निरोप पाठवतात. आठ-दहा दिवसांत जखम भरते आणि त्या पेशी परत जातात. घोटाळा होतो तो हे काम संपतच नाही तेव्हा. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं शरीरात कुठेतरी हलका दाह चालू राहिला, की जंतू मारण्यासाठी तयार होणारी रसायनं आपल्याच पेशींच्या डीएनएला इजा करतात. "वाढा, वाढा" हा निरोप थांबत नाही. इजा झालेल्या पेशीला वाढायचा हुकूम मिळत राहणं, हीच कॅन्सरच्या सुरुवातीची एक वाट आहे.

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ सालीच गाठीच्या मांसात पांढऱ्या पेशी पाहून दीर्घ दाह आणि कॅन्सर यांचा संबंध सुचवला होता. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन डॉक्टरांनी कॅन्सरची गाठ ही न भरणाऱ्या जखमेसारखी वागते असं मांडलं. जठरात वर्षानुवर्षं राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, यकृतातला हिपॅटायटिस बी, पित्ताशयातले खडे, ही अशा न संपणाऱ्या दाहाची ओळखीची उदाहरणं. २०१७ साली हृदयरोग्यांवरच्या एका मोठ्या चाचणीत दाहाचा एक निरोप अडवणारं औषध दिलं गेलं, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ठळकपणे कमी दिसले. मात्र ज्यांना फुप्फुसाचा कॅन्सर आधीच झालेला होता, त्यांच्यावर पुढच्या चाचण्यांत त्याच औषधाचा अपेक्षित उपयोग झाला नाही. ही गोष्ट मी नेहमी लक्षात ठेवते. आजार होण्याआधी जे उपयोगाचं असेल ते आजार झाल्यावर उपचार ठरेलच असं नाही.

जेवणाचा या सगळ्याशी संबंध मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट पोटावरच्या चरबीची. ही चरबी नुसती साठून राहत नाही, ती दाहाचे निरोप रक्तात सोडत राहते. तिच्यामुळे इन्सुलिन वाढतं, आणि पाळी गेल्यावर बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मोठ्या प्रमाणात चरबीतच तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलं की जास्तीच्या चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी आहे. त्याच वर्षी टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी भारतीय बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पोटाचा घेर जास्त असण्याचा स्तनाच्या कॅन्सरशी संबंध दिसला, मग पाळी चालू असो वा गेलेली असो. आपल्याकडच्या बायका अंगाने बारीक दिसतात, वजनही फार नसतं, पण पोट सुटलेलं असतं. म्हणून माझ्याकडे वजनकाट्याआधी मापाची टेप निघते. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे आणि पुरुषाचा ९० च्या पुढे गेला, की मी बोलायला सुरुवात करते.

दुसरी वाट आतड्याची. भाज्या, कडधान्यं, भरड धान्यं यांतले तंतू आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू ते खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. तेच आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं अन्न, आणि ते दाह शांतही ठेवतं. तंतू मिळाले नाहीत की आतड्याचं संरक्षण करणारा चिकट थर पातळ होत जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. माझ्यासमोर बसलेल्या दहा माणसांत इतकं खाणारा एखादाच निघतो.

ताटाचा असा एकूण कल मोजण्यासाठी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात एक निर्देशांक तयार झाला. नितीन शिवप्पा आणि जेम्स हेबर्ट यांनी २०१४ साली त्याची सुधारित आवृत्ती मांडली. दाहाच्या रक्तातल्या सहा खुणा आणि आहार यांवरचे जवळपास दोन हजार शोधनिबंध तपासून त्यांनी आहारातल्या ४५ घटकांना गुण दिले. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट हे दाह वाढवणाऱ्या बाजूला. तंतू, मॅग्नेशियम, ओमेगा-३, कांदा, लसूण, आलं, चहा, हळद हे शमवणाऱ्या बाजूला. आपल्या फोडणीतल्या कितीतरी वस्तू त्या यादीत आहेत हे वाचून मला आनंद झाला होता. पण निर्देशांक सगळ्या ताटाची बेरीज करतो. चिमूटभर हळद घातलेलं, पण तेलात निथळणारं आणि भाजी नसलेलं ताट त्या चिमटीने सुधारत नाही.

या निर्देशांकावर जगभर अभ्यास झाले. त्यांतला आतड्याच्या कॅन्सरबद्दलचा पुरावा बराच ठाम आहे. २०१७ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात सर्वात दाहकारक आहार घेणाऱ्यांना सर्वात शामक आहार घेणाऱ्यांपेक्षा आतड्याच्या कॅन्सरचा धोका ४० टक्के जास्त दिसला. हा आकडा ऐकून माणसं घाबरतात, शंभरातल्या चाळीस जणांना कॅन्सर होणार असा त्याचा अर्थ लावतात. तसा तो नाही. एखाद्या गटात हजारातल्या दहा जणांना हा आजार होणार असेल, तर दुसऱ्या गटात चौदा जणांना होईल, इतकाच त्याचा अर्थ. चार माणसं जास्त. ती चार माणसं कुणाच्या तरी घरातली असतात, म्हणून आकडा महत्त्वाचाच. पण त्या चौदांपैकी ताटामुळे आजारी पडलेले चार कोणते, हे कुणालाही दाखवता येत नाही. शिवाय हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. रोज तळलेलं खाणारा माणूस बहुधा कमी चालतो, कमी झोपतो, कदाचित तंबाखूही खातो. संशोधक हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण ते पूर्णपणे वेगळं होत नाही.

म्हणूनच "मी काय खाल्लं म्हणून?" या प्रश्नाला मी स्पष्ट उत्तर देते: हे कुणीही सांगू शकत नाही, आणि तुम्ही स्वतःला विचारत बसू नका. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणारी एक बाई माझ्याकडे आली होती. घरच्यांनी तिला सुनावलं होतं की फ्रिजमधलं शिळं खायची म्हणून असं झालं. सगळ्यांना ताजं वाढून उरलेलं स्वतः खाणारी ती बाई. तिची काटकसर घरानेच तिच्या माथी मारली होती. ती हे मान खाली घालून सांगत होती, जणू कबुलीजबाब देत होती. त्या दिवशी मी आहाराचा कागद बाजूला ठेवला आणि तिच्या नवऱ्याशी बोलले. कॅन्सर होण्यात वय असतं, जनुकं असतात, विषाणू असतात, पेशी विभागताना नुसत्या होणाऱ्या चुका असतात. आपल्या देशात तर तोंडाचा कॅन्सर प्रामुख्याने तंबाखू आणि सुपारीचा, गर्भाशयमुखाचा एचपीव्ही विषाणूचा. आहाराचा वाटा आहे, पण तो या सगळ्यांत मिसळलेला आहे. आजारी माणसाला त्याच्या जुन्या ताटाचा जाब विचारणं हे शास्त्र नाही, आणि माणुसकीही नाही.

पुढच्या ताटाबद्दल मात्र मी हक्काने बोलते. त्यासाठी आधी घरात काय शिजतं ते कळावं लागतं, आणि ते सरळ विचारून कळत नाही. "आमचं साधंच असतं, मॅडम, भात-भाजी" हे उत्तर सगळीकडे सारखं. म्हणून मी कालच्या दिवसाबद्दल विचारते. उठल्यावर पहिलं तोंडात काय गेलं? तिथेच मिश्री सापडते. दातांना लावायची म्हणून ती कुणी खाण्यात धरत नाही, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. मग चहा. चहासोबत काय? खारी, टोस्ट, बिस्किट. दिवसातून किती वेळा? कामावर चार वाजता काय? रात्री टीव्हीसमोर? असं तासातासाने पुढे गेलं की दिवसभराचं खरं खाणं उलगडतं. घरी पान वाढून जेवलेलं तेवढंच माणसाला जेवण वाटतं. मधलं सगळं त्याच्या हिशेबात नसतं, आणि दाह वाढवणारं बरंचसं त्या मधल्यातच असतं.

तेलासाठी माझा एक ठरलेला हिशेब आहे. पदार्थात किती तेल घालता हे विचारलं तर सगळे "कमीच" म्हणतात. मी विचारते, महिन्याला तेलाच्या किती पिशव्या लागतात आणि घरात माणसं किती? समजा पाच माणसांना सात लिटर लागलं. सात हजार मिलिलिटर भागिले पाच माणसं, भागिले तीस दिवस. माणशी रोज सुमारे ४७ मिलिलिटर झालं. माणशी २५ ते ३० ग्रॅम ठीक, त्यापुढे जास्त. बाहेरचा वडापाव, भजी, फरसाण यांतलं तेल तर यात धरलेलंच नाही. हा भागाकार मी त्यांच्याच मोबाइलवर त्यांच्याच हाताने करायला लावते. माझ्या भाषणाने जे होत नाही ते त्या आकड्याने होतं. घरची बाई त्या महिन्यापासून पिशव्या मोजू लागते.

तळणीच्या तेलाबद्दल सरकारचा नियम आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या पुढे गेले की ते तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तेल, वनस्पती तूप आणि मार्गारिन यांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. हे चांगलंच झालं. पण गाडीवर कढईतलं तेल मोजायला कोण येतं? स्टेशनबाहेरच्या एका वडापाववाल्याशी मी याबद्दल बोलले. तो म्हणाला, "ताई, रोज कढई रिकामी केली तर वडा वीस रुपयांना देता येणार नाही." त्याचं खरं आहे. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, आणि त्याच्याकडे रोज जेवणाऱ्या पोरावरही नाही. जुनं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना त्याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केली आहे. त्यात या छोट्या गाड्यांना चांगला भाव मिळाला, तर कढई रिकामी करणं त्या वडापाववाल्याला परवडेल.

पनवेलचं ताट कसं बदललं याचा विचार मी फार करते, कारण माणसं "आम्हाला खायची शिस्तच नाही" असं म्हणून सगळा दोष स्वतःकडे घेतात. इथल्या आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी, खाडीची मासळी, चिंबोऱ्या, मांदेली, सुकट हे नेहमीचं. भात कापून झाला की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. थंडीत त्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लागायची, आणि सुकवलेल्या कडव्या वालांचं बिरडं वर्षभर. एक वाटी पांढऱ्या भातात तंतू जेमतेम असतात. तेवढ्याच वालात त्याच्या कितीतरी पट. मासळी तळण्यापेक्षा चिंच-कोकमाच्या कालवणात जास्त जायची. बांगडा, तारली यांतलं ओमेगा-३ त्या कालवणात टिकून राहतं.

हे ताट नुसतं आवड बदलली म्हणून गेलं नाही. १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. १९८४च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात बळी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा मोबदला मिळाला. पण शेत गेलं तेव्हा भाताबरोबर त्या ओलीवरचा वालही गेला. खाडीत भराव पडला, रसायनं आली, मासळी कमी झाली. ज्या घरात कडधान्य पिकत होतं त्या घरात ते आता विकत येतं, आणि विकत घ्यायचं म्हटलं की आधी बिस्किटाचा पुडा येतो, कारण तो पाच रुपयांना मिळतो आणि शिजवावा लागत नाही.

नव्या वस्तीचं ताट घड्याळाने ठरवलं आहे. पहाटेची पनवेल लोकल पकडून सीएसएमटीकडे जाणारा माणूस नाश्ता गाडीवर करतो आणि घरी रात्री दहाला जेवतो. तळोज्याच्या कारखान्यांत आणि आसपासच्या गोदामांत रात्रपाळी असते. झोपेचं चक्र मोडणारं रात्रपाळीचं काम कॅन्सर होण्याची बरीच शक्यता असलेल्या गोष्टींत मोडतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून कायम ठेवलं. या माणसाला मी "लवकर जेवा, वेळेवर झोपा" असं कसं सांगू? मी त्याला डबा सांगते. रात्रपाळीला जाताना उसळ आणि भाकरी, सोबत काकडी-गाजर, मूठभर भाजलेले चणे. रात्री दोनच्या चहाबरोबर खारीऐवजी ते चणे. इतकंच. हे त्याला जमतं, आणि जमतं म्हणून टिकतं.

कळंबोली, तळोज्याला उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांच्यामुळे मला पित्ताशयाच्या कॅन्सरबद्दल वाचावं लागलं. गंगेच्या खोऱ्यात तो जास्त आहे, कोकणात कमी. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी याचा चिकाटीने पाठपुरावा केला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सरसूचं, म्हणजे मोहरीचं, तेल जास्त वापरणं आणि त्या तेलात मासे तळणं यांचा या कॅन्सरशी संबंध दिसला. पालेभाज्या, फळं, कांदा, लसूण खाणाऱ्यांत धोका कमी दिसला. खडे, दीर्घ दाह, तेल, तळण आणि पालेभाज्यांची कमतरता हे सगळं एकाच आजाराभोवती कसं जमतं, हे इथे दिसतं. पण त्या बायकांना मी सरसू सोडा असं एकदम सांगत नाही. त्यांच्या गावाची चव त्या तेलात आहे. मी म्हणते, फोडणीला थोडं ठेवा, तळायला वापरू नका, आणि पोटाच्या उजव्या बाजूला जेवल्यावर वारंवार दुखत असेल तर सोनोग्राफी पुढे ढकलू नका.

उपचार चालू असतात तेव्हा माझा सल्ला उलटा होतो, आणि तिथेच कुटुंबं सर्वात जास्त चुकतात. केमोच्या काळात पेशंटला बळ लागतं. वजन आणि स्नायू झपाट्याने उतरले तर डोस पुढे ढकलावे लागतात, जंतुसंसर्ग होतो. अशा वेळी दाहाच्या भीतीने अंडी, दूध, मासे बंद करणं म्हणजे त्याचाच आधार काढून घेणं. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरते, हाही असाच एक समज. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते आणि शरीर ते भातातूनही बनवतं, प्रथिनांतूनही. मी सांगते, तोंड आलं असेल तर मऊ खिमट द्या, त्यात तूप घाला, अंडं नीट उकडून द्या, दही विरजून ताजं द्या, पेशी कमी असतील तेव्हा कच्चं आणि बाहेरचं टाळा. भाजीत हळद असू द्या. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता देऊ नका. अर्काचा मोठा डोस औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकतो आणि यकृतालाही त्रास देऊ शकतो.

आता घरच्यांच्या ताटाबद्दल. "आम्ही काय खायचं?" या प्रश्नाला माझं उत्तर छोटं असतं. तंबाखू, मिश्री, सुपारी आधी थांबवा. त्यांच्यापुढे आहाराची चर्चा दुय्यम आहे. दारू कमी करत बंद करा. त्याच कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत ती १९८८ पासून कॅन्सरच्या पक्क्या कारणांत आहे. रोजच्या जेवणात एक वाटी कडधान्य आणि दोन वाट्या भाजी आली पाहिजे. तेलाच्या पिशव्या मोजा. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोजच्या खाण्यात आणू नका. २०१५ मध्ये तेही आतड्याच्या कॅन्सरच्या पक्क्या कारणांत गेलं. पोटाचा घेर वर्षातून एक-दोनदा मापा. पावसाळ्यात ठाकूर-कातकरी बायका बाजारात शेवळं, कुर्डू, टाकळा, कंटोळी घेऊन बसतात, तेव्हा त्यांच्याकडून घ्या. शेवळाची खाज मोडायला काकडं त्यांच्याकडेच मिळतात आणि कशी घालायची तेही त्या सांगतात. भाव करू नका. माथेरानच्या पायथ्यापासून त्या चालत-टेम्पोने आलेल्या असतात, आणि त्यांनी येणं थांबवलं तर या शहराच्या ताटातली पानं आणखी कमी होतील.

घराच्या पलीकडचंही काही आहे, आणि ते मी प्रत्येक बैठकीत मांडते. शाळेच्या दारात काय विकलं जातं, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रात्री काय मिळतं, मंडईत भाजीवाल्या बायकांना बसायला जागा आहे की नाही, या गोष्टी कुणा एकट्या आईच्या हातात नसतात. नगरसेवक, कंपनीचे व्यवस्थापक, सोसायटीच्या कमिट्या यांनी त्या ठरवायच्या असतात. दाहकारक ताटाचा धोका लोकसंख्येच्या पातळीवर मोजला जातो. तो कमी करायचा तर कामही त्याच पातळीवर झालं पाहिजे.

आणि एक शेवटचं, जे मी कुणालाही सांगितल्याशिवाय उठू देत नाही. ताट सुधारलं म्हणून तपासणी सोडू नका. वयाच्या तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. चांगल्या आहाराने हजारातली काही माणसं वाचतील, पण ती कोणती हे आपल्याला कधीच कळणार नाही. वेळेवर तपासणीत सापडलेल्या माणसाला मात्र आपण नावाने ओळखू. मला या शहरात दोन्ही प्रकारची माणसं वाढलेली पाहायची आहेत.